खिडकीवाले, दारवाले आणि तुझी शिट्टी

तर मी उद्धट. शेफारलेली. आत्याचा फोन न उचलण्याइतकी मोठी झालेली. आईकडे ठेवलेला निरोप पोचला, आत्या, अगदी तुझ्या आवाजासकट पोचला (आई तुझी नक्कल फार छान करते, हे तुला माहीत नसेल तर आता झालं). सगळं कबूल. पण 'कामाचं निमित्त सांगते' असं जे तू म्हणालीस ना, ते मी नाही मानणार. निमित्तं रिकामी माणसं सांगतात. मला तर निमित्त शोधायलाही सवड नाही. फोन उचलत नाही हे खरं आहे, पण तुला वाटतं त्या कारणाने नाही. ते कारण सांगायलाच हे पत्र. कागदावर, हाताने, शाळा सुटल्यापासून पहिल्यांदा, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. एकावर एक दोन हातमोजे चढवायची इतकी सवय झालीय की उघड्या बोटांनी पेन धरलं तरी कुणीतरी ओरडेल असं वाटतं.

थांब, भांडणाच्या भरात नमस्कार राहिला. वाकून केला असता, पण हल्ली मी वाकले की कंबर खालीच राहते आणि बाकीची मी वर येते, म्हणून उभ्याउभ्याच घे. तुझे गुडघे कसे आहेत? उजवा अजून जिन्यात कुरकुरतो का? गोळ्या वेळेवर घेतेस की डबीत मोजून ठेवून 'घेतल्यासारख्याच आहेत' म्हणतेस? मी इकडे मजेत आहे (पत्रात हे वाक्य असावंच लागतं, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस).

आता आमच्याकडची तऱ्हा ऐक. साथ आल्यापासून आम्ही माणसं राहिलोच नाही, पांढरी पोती झालोय. डोक्यापासून पायापर्यंत एक बंद अंगरखा, त्यावर मास्क, त्यावर चष्मा, त्यावर प्लास्टिकचा पडदा. एकदा आत शिरलं की ड्यूटी संपेपर्यंत पाणी नाही, नाक खाजवणं नाही, आणि ज्याचं नाव पत्रात काढत नाहीत तेही नाही. चष्म्यावर वाफ धरते. तिला उपाय म्हणून काचेला आतून भांड्यांचा साबण चोळायचा, मग वाफ जाते आणि डोळे झोंबतात, म्हणजे आधी दिसत नाही आणि नंतर बघवत नाही. कोण कोण ते कळावं म्हणून एकमेकांच्या पाठीवर जाड पेनने नाव लिहायचं. माझ्या पाठीवर आमच्या ब्रदरने (पुरुष नर्सला आमच्याकडे ब्रदर म्हणतात, आणि हा ब्रदर खऱ्या भावाइतकाच खोडसाळ आहे) एकदा नावाऐवजी 'अंतर राखा, ब्रेक नाहीत' असं लिहिलं. मला पत्ता नाही. मोठे डॉक्टर राउंडला आले, माझ्या मागे मागे फिरले, आणि शेवटी इनचार्ज बाईंना म्हणाले, या सिस्टरना जरा विश्रांती द्या. मला वाटलं, देव पावला. बाई म्हणाल्या, विश्रांती कुठून आणू, दोघी आजारी पडल्यात, तिसरी रडत घरी गेलीय. तरी डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून त्यांनी मला हलकं काम दिलं. फोन ड्यूटी.

या हलक्या कामानेच माझं वाटोळं झालं बघ. नातेवाइकांना वॉर्डात येऊ देत नाहीत, म्हणून चार ते सहा या वेळात ते वॉर्डाच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल करतात. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. मी तो पेशंटच्या तोंडासमोर धरायचा. बाईंनी मला निवडलं ते आवाजासाठी, कारण मास्कमधून बोललेलं कुणाला ऐकू जात नाही आणि माझं जातं. (तुझ्यावर गेलेय. मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला 'मागची रांग सरळ!' ओरडणाऱ्या पी.टी.च्या बाईंची भाची आहे मी.) पेशंटच्या तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे त्याला बोलता येत नाही, तो मान हलवणार. घरच्यांचं त्याला ऐकू येत नाही, ते मी ओरडून सांगणार. म्हणजे कुणाचीतरी मुलगी तिकडे हळूच म्हणते, बाबा, तुमची फार आठवण येते, आणि इकडे मी बोंबलते, 'बाबाऽ, तुमची फार आठवण येते!' की अख्ख्या वॉर्डातल्या माना वळतात. एका काकूंनी काकांना कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते विचारलं. काकांनी बोटाने हवेत काहीतरी काढलं. मला वाटलं, खण. काकू म्हणाल्या, खणात नाहीये, आणि त्यांना म्हणावं मुद्दाम करताय तुम्ही. आता हे मी कसं ओरडू? पण कामच ते. ओरडले. काकांनी मास्कच्या आत जे काही म्हटलं ते सुदैवाने मला ऐकू आलं नाही, पण डोळ्यांवरून कळलं, आणि काकूंना डोळे दिसत होते. त्यांचा संसार इतकी वर्षं कसा चालला ते मला त्या दिवशी समजलं. किल्ली काकूंच्याच पर्समध्ये होती.

काही फोन असे असतात की ते मी तुला लिहिणार नाही. त्यात दोन्हीकडून कुणी काही बोलत नाही. मी फक्त हात ताठ ठेवून उभी असते, हात हलला तर तिकडे चित्र हलतं म्हणून. उशिरा आल्याबद्दल तू मला मैदानात हात वर करून उभं करायचीस आणि मी मनातल्या मनात तुझा उद्धार करायचे, आठवतं? उद्धार परत घेतला. बाकीच्यांचे हात पाच मिनिटांत भरून येतात, माझे नाही येत. एवढंच सांगते त्या फोनांबद्दल.

मुद्द्यावर येते. आमच्या वॉर्डात दोन आजोबा होते. एक खिडकीजवळ, एक दाराजवळ. दोघांचे केस पांढरे, दोघांच्या नाकातोंडावर मास्क, दोघांच्या कपाळावर त्याच आठ्या. माझ्या सुट्टीच्या दिवशी भिंतीतला ऑक्सिजनचा नळ गळायला लागला म्हणून दोघांच्या खाटांची अदलाबदल झाली. सगळ्या कागदांवर झाली, फळ्यावर झाली, माझ्या डोक्यात झाली नाही. माझ्या डोक्यात खिडकी म्हणजे ते मुलगा-सून-नातवंडं-कुत्रा असं भरलेलं घर असलेले आजोबा, आणि दार म्हणजे ते एकटे, जे एका दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचे आणि ज्यांना त्या दुकानदाराने आणून सोडलं होतं, आणि मग तो दुकानदारच आजारी पडून दुसऱ्या दवाखान्यात गेला. आता तू म्हणशील, मनगटावर नावाची पट्टी असते की! असते. औषध देताना मी दर वेळी बघते, झोपेतसुद्धा बघीन. पण फोन देताना कोण पट्टी बघतं, आत्या? फोनने कुणाला रिअ‍ॅक्शन येते?

तर त्या भरलेल्या घराचा फोन मी रोज नेऊन खिडकीवाल्यांसमोर धरायला लागले. वाफाळलेल्या चष्म्यातून मला ते दिसत नव्हते, आणि पिशवीतल्या मोबाइलमधून घरच्यांना. 'बाबा, ओळखलंत का?' खिडकीवाल्यांनी जोरात मान हलवली. 'जेवलात?' हलवली. 'बरं वाटतंय?' इतकी हलवली की मास्क सरकला. कुत्र्याला कॅमेऱ्यासमोर आणलं, तर तो पडद्याकडे बघून जो भुंकत सुटला तो थांबेचना, आणि घरचे म्हणाले, बघा बाबा, कसं ओळखलं तुम्हाला! (एवढ्या सगळ्या गोतावळ्यात शुद्धीवर असलेला तो एकटाच होता.)

आणि खिडकीवाले असे सुधारले, असे सुधारले! आधी भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. आता साडेतीनलाच उठून बसायचे, माझ्याकडून कंगवा मागून भांग पाडायचे. फुप्फुसांच्या व्यायामाची एक डबी असते आमच्याकडे, नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की तिच्यातल्या तीन गोट्या एकेक करून वर चढतात. त्यांची आधी एकही हलत नव्हती, आता दोन चढायला लागल्या. फोन यायच्या आधी, नातवंडांसाठी! मोठे डॉक्टर म्हणाले, हे कुणाच्या औषधाने झालं? मी मास्कच्या आत हसले, मला वाटलं, माझ्या.

तिकडे दारवाले रोज मला हाक मारायचे. त्यांना मास्क काढून थोडं बोलता यायचं आणि ते सगळं बोलणं तक्रारीतच खर्च व्हायचं. 'सिस्टर, माझ्या घरून फोन नाही?' मी म्हणायचे, येईल हं आजोबा. 'कुणी मेलंबिलं तर नाही ना तिकडे?' एकदा मी वैतागून त्यांना सुनावलं, 'आजोबा, सगळ्यांच्या घरच्यांना कामं असतात, दुसऱ्यांचे फोन बघून जळू नये.' हे मी बोलले. ज्या माणसाचा फोन मी रोज त्याच्या नाकासमोरून दुसऱ्याकडे नेत होते, त्याला. त्यांनी चादर डोक्यावरून घेतली. ती चादर मला हल्ली चहा पिताना दिसते.

मग तो दिवस. खिडकीवाल्यांचा मास्क निघाला आणि नाकात नुसती बारीक नळी आली. आठवड्यात पहिल्यांदा चेहरा मोकळा. मला काय अवदसा आठवली, मी ठरवलं की घरच्यांना चकित करायचं. फोन आला. मी मोबाइल छातीशी धरून ओरडले, 'आज एक गंमत आहे! तयार? एक, दोन…' आणि तीन म्हणून फिरवला. खिडकीवाले भांग पाडून, हात जोडून, हसत बसले होते. तिकडून मुलगा म्हणाला, 'सिस्टर, हे कोण?' मी आडनावासकट म्हटलं, 'तुमचे बाबा!' आणि माझा आवाज असा की दारापासून उत्तर आलं, 'अगं मी इकडे आहे!' कुत्रा तेवढा शांत होता. त्याचं म्हणणं सिद्ध झालं होतं.

पुढचं मला नीट आठवतही नाही आणि विसरतही नाही. खिडकीवाल्यांनी जोडलेले हात हळूहळू सोडले, आणि पहिल्यांदाच त्या घराशी बोलले. म्हणाले, 'कुत्रा छान आहे हो तुमचा.' एवढंच. मी काय करायला हवं होतं? दोन मिनिटं थांबायला हवं होतं, त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता, काहीही. मी केलं काय, तर चोर पकडल्यासारखी मोबाइल ओढून दाराकडे धावले. दारवाल्यांनी चादर फेकून सगळ्यांना एका दमात झापलं, मुलाला, सुनेला, मला, दवाखान्याला, आणि तिकडे सगळे रडत होते आणि हसत होते. इनचार्ज बाईंनी मला केबिनमध्ये नेलं. वाटलं, आता फाडून खाणार. त्या खुर्चीत बसल्या, डोळे मिटले आणि म्हणाल्या, 'तुला ओरडायचंय गं, पण माझ्यात जोर नाही. तूच मनात ओरडून घे.' आत्या, तुझ्या शपथेवर सांगते, त्यांनी ओरडायला हवं होतं. मनातलं ओरडणं मला काही थांबवता येत नाहीये.

दारवाल्यांच्या घरची माणसं भली निघाली. त्यांनी तक्रार नाही केली, उलट दोन दिवस दोन्ही आजोबांशी बोलले. मग दारवाले बरे होऊन घरी गेले (जाताना मला म्हणाले, 'पट्टी बघत जा, पोरी,' ते मला आयुष्यभर पुरेल) आणि मग फोन बंद झाले. त्यांना काय बोलणार? आपलं माणूस घरी आलं की दवाखान्याचा नंबर कोण पुन्हा फिरवतं? आपणही नसता फिरवला.

खिडकीवाले भांडत नाहीत, हाच त्रास आहे. भांडले तर बरं. डबी हातात दिली की म्हणतात, 'उद्या करतो, सिस्टर.' पालथं झोपा म्हटलं की 'उद्या नक्की.' नाकातली नळी काढून उशीखाली ठेवतात आणि विचारलं की 'निसटली वाटतं.' मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा रोज थोडा उतरतोय. डॉक्टर म्हणालेत, व्यायाम केला नाही तर वरच्या मजल्यावर हलवावं लागेल. वर मोठी मशीनं आहेत. वर गेलेल्यांचे कंगवे आम्ही परत मागत नाही. आणि कंगव्यावरून सांगते, साडेतीनला ते अजून मागतात. भांग पाडतात. चार वाजता मोबाइल घेऊन मी आले की एकदा बघतात आणि मी दुसऱ्या खाटेकडे वळले की खिडकीबाहेर बघतात, जसं काही भांग खिडकीसाठीच पाडला होता.

मी एक उपाय केला, तोही सांगून टाकते, एवीतेवी अब्रू गेलीच आहे. ब्रदरला मोबाइल घेऊन त्यांच्याजवळ उभं केलं आणि मी बाहेर जिन्यात जाऊन, आवाज बदलून, त्यांची लांबची पुतणी म्हणून फोन केला. व्हिडिओ बंद. 'काका, कसे आहात, ती डबी ओढता ना रोज?' त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, 'सिस्टर, जिन्यात गार वारा असतो, आत या. तुमचा आवाज दोन्हीकडून येतोय.' ब्रदर इतका हसला की त्याचा चष्मा वाफेने भरला. खिडकीवालेही हसले. मीही जिन्यात बसून हसले. नंतर बराच वेळ तिथेच बसले होते.

तर हे असं आहे. आता तू तब्येत सांभाळ, गर्दीत जाऊ नकोस, आईला म्हणावं नक्कल कमी कर. मोठ्यांना नमस्कार म्हणायची पद्धत आहे, पण आता तुझ्याहून मोठं कोणी उरलंय का? तूच दोनदा घे.

तुझी उद्धट,
भिंगरी

ता. क. फोन न उचलण्याचं कारण सांगायचं म्हणून पत्र लिहिलं आणि तेच राहिलं. रोज संध्याकाळी सातला तुझा फोन येतो. मी पडद्यावर तुझं नाव बघते आणि वाजून थांबेपर्यंत हातात धरून बसते. कारण तू पहिलं काय विचारणार ते मला माहीत आहे. 'जेवलीस का?' आणि दिवसभर बघून बघून मलाही आता नुसती मान हलवायची सवय लागलीय. तोंड उघडलं तर मान हलवण्यासारखं काही बाहेर येणार नाही, आत्या, भलतंच येईल, आणि एकदा सुरू झालं की मग दुसऱ्या दिवशी चष्मा घालता येणार नाही. सुजलेल्या डोळ्यांवर तो बसत नाही. बास. एवढंच कारण होतं. मोठी वगैरे काही झालेले नाही.

ता. क. पुन्हा. खरं काम आता सांगते. आज चारला वॉर्डाच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल कर. नंबर पत्राच्या मागे आहे. खिडकीवाले आजोबा हवेत म्हण. मी पट्टी बघून फोन देईन. खोटं नातं सांगू नकोस, ते ओळखतात. सिस्टरची आत्या आहे, शाळेत पी.टी. शिकवायचे, एवढंच सांग. दाराच्या खिळ्याला तुझी शिट्टी अजून टांगलेली असेल, ती गळ्यात घाल. त्यांना ताठ बसव, डबी हातात घ्यायला लाव, आणि आम्हाला करायचीस तसं 'श्वास आत… धरा… अजून धरा… कोण हसतंय तिकडे… सोडा' असं कर. ते 'उद्या करतो' म्हणतील. त्यावर शाळेत तू काय म्हणायचीस ते इथे लिहीत नाही, पण तेच म्हण. तुझ्यापुढे उद्या म्हणून कुणी सुटलेलं मी बघितलं नाही. गोट्या तीन आहेत. तिसरी वर गेल्याशिवाय फोन ठेवू नकोस. उद्याही कर. आणि परवा.

ता. क. शेवटचं. या पानांचे फोटो काढून तुला पाठवतेय आणि पाठवल्याबरोबर माझा फोन बंद करून कपाटात टाकतेय, म्हणजे तुला लगेच उलटून ओरडता येणार नाही. जे ओरडायचं ते चारला त्यांच्यावर ओरड. मी फोन धरून उभी असेन, मला सगळं ऐकू येईल. मला मात्र काही विचारू नकोस. तसा तुझा फोन आज मीच उचलणार आहे, तेव्हा उचलत नाही म्हणून आता घरभर सांगत सुटू नकोस. मी तुला दिसणार नाही. पडद्याच्या कोपऱ्यात निळ्या हातमोज्यातला एक अंगठा दिसेल, तो माझा. तो हलला नाही तर समज, जेवलेय. दवाखान्याची गाडी खाली हॉर्न वाजवतेय, ब्रदर नावाने बोंबलतोय, पळते.